वर्गणीची गाडी

रविवारी सकाळी आठला फोनवर निरोप आला तेव्हा सून अंगणात उकिडवी बसून चार्जिंगच्या वायरीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसत होती. वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर यायची, कुंड्यांच्या मागून फिरायची आणि फाटकाजवळच्या पांढऱ्या गाडीत शिरायची. तीन महिन्यांत घरातले सगळे ती ओलांडून चालायला शिकले होते. सासरे मात्र अजून अडखळायचे आणि दर वेळी त्या वायरीला एक शिवी हासडायचे.

निरोप गाडीच्या कंपनीचा होता. वर्गणीचा तिसरा महिना आज संपतोय, पुढे चालू ठेवायची असेल तर दुपारी बारापर्यंत मुदत निवडा, नाहीतर आमचा माणूस चार वाजता गाडी घेऊन जाईल. खाली चार चौकोन होते. एक महिना. तीन महिने. सहा महिने. बारा महिने.

तिने ते चारही वाचले आणि फोन पालथा करून पायरीवर ठेवला.

गाडी नणंदेच्या नावावर होती, पण निरोप दोघींनाही यायचे, कारण दोघींनी मिळूनच ती आणली होती. सासूबाईंना मोठ्या आजाराची इंजेक्शनं सुरू झाली आणि तिसऱ्याच खेपेपासून त्यांना पेट्रोलचा वास सोसेनासा झाला. टॅक्सीत बसलं की पाच मिनिटांत उलटी. रस्त्याने नुसती मोटरसायकल गेली तरी रुमाल नाकाला. गॅरेजवाल्याच्या घरात त्यांनी त्रेचाळीस वर्षं काढली होती, त्याच वासात दोन मुलं वाढवली होती, आणि आता तोच वास त्यांच्या पोटातलं सगळं ढवळून वर आणत होता. तेव्हा नणंदेने कुठूनसं शोधून काढलं की विजेवरची गाडी विकत न घेताही मिळते. महिन्याच्या बोलीवर आणायची, वापरून बघायची, नको झाली की परत द्यायची.

"पेपरची वर्गणी ऐकली होती. गाडीची कसली वर्गणी?" सासरे म्हणाले होते. त्या दिवसापासून घरात तिचं नाव वर्गणीची गाडी पडलं.

ती दारात आली त्या दिवशी सासऱ्यांनी चष्मा लावून तिचं बॉनेट उघडलं. आत एक रिकामी प्लॅस्टिकची पेटी होती, बाकी काही नाही.

"इथं काय भाजी ठेवायची?" त्यांनी विचारलं, बॉनेट आपटलं आणि त्यानंतर कधी त्या गाडीला बोट लावलं नाही. पण त्याच दिवशी सासूबाई पहिल्यांदा एकदाही न ओकता दवाखान्यात पोचल्या. गाडी थांबली तरी त्यांना कळलं नव्हतं. "अगं, आलं पण?" असं त्या म्हणाल्या आणि सून आणि नणंद दोघी पार्किंगमध्ये उभ्या उभ्या हसत सुटल्या.

आता इंजेक्शनं बंद झाली होती. दर मंगळवारी फक्त पोटात साठलेलं पाणी काढून घ्यायला जायचं होतं. इंजेक्शनं का बंद झाली हे घरात कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

नणंद अकराला आली. चाळिशीला टेकली तरी घरात ती अजून चिमीच होती. दातांच्या कवळ्या बनवायच्या एका प्रयोगशाळेत ती काम करायची आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिच्या नखांच्या कडेला पांढरी भुकटी असायची.

"निवडलंस?" तिने दारातूनच विचारलं.

"नाही. तुझ्यासाठी थांबले."

"त्यात थांबायचं काय, वहिनी? सहा महिने कर. दर महिन्याला ही टांगती तलवार नको."

"एक कर," जेवणाच्या टेबलाशी बसलेला तिचा भाऊ म्हणाला. त्याच्यासमोरच्या चहावर साय धरली होती.

"काय?"

"एक महिन्याची कर. पुढचं पुढे बघू."

"पुढचं काय बघायचंय, दादा?"

त्याने बोटाने चहावरची साय बाजूला सारली. गुरुवारी दवाखान्यातल्या क्ष-किरण खोलीच्या बाहेरच्या बोळात डॉक्टरांनी त्याला गाठून सांगितलं होतं. महिना. फार तर दीड. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा बाजूने एक बाई चाकाची खुर्ची ढकलत चालली होती आणि "जरा सरका" म्हणत होती, आणि तो सरकला होता. एवढंच त्याला त्या क्षणाचं नीट आठवत होतं. तीन दिवस झाले, ते वाक्य त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. गॅरेजमध्ये येणाऱ्या माणसांच्या तोंडावर तो बिनदिक्कत सांगायचा, साहेब, या इंजिनात आता काही राहिलेलं नाही, खर्च करू नका. ती माणसं रडकुंडीला यायची आणि तो तिसऱ्या गाडीकडे वळलेला असायचा. इथे मात्र त्याची जीभ टाळूला चिकटली.

"डॉक्टर काय म्हणाले गुरुवारी?" चिमीने विचारलं.

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

"म्हणजे पाणी काढायला आणत राहा. खायला घाला. विश्रांती." तो मान खाजवत म्हणाला.

"मग एकच महिना का?"

"अगं, एखादी दुसरी गाडी मिळेल. याहून मोठी. कशाला अडकून पडायचं?"

"तीन महिन्यांत तू एकदा तरी त्या गाडीबद्दल बोललास का? आज एकदम मोठी हवी झाली? माझ्याकडे बघून सांग, दादा."

त्याने बघितलं नाही. सुनेने चहाची किटली ओट्यावर ठेवली आणि ती तिथेच उभी राहिली. नवऱ्याच्या पाठीकडे बघता बघता तिच्या ध्यानात यायला लागलं होतं.

"बरं, तीन कर," तो म्हणाला. "तीन ठीक आहे. मधलं."

चिमीने त्याच्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढून हळूच खाली बसली.

"तू भाव करतोयस," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आईचा भाव करतोयस तू माझ्याशी."

"चिमे, हळू. दार उघडं आहे."

आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला आणि थांबला. ऐकू गेलं असेल की नसेल याचा प्रत्येकजण मनाशी अंदाज बांधत होता, आणि एवढ्यात बाहेर फाटकाशी हॉर्न वाजला. दोनदा, लांबलचक.

सासरे आले होते. गल्लीत त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणायचे, आणि म्हातारपणी घरातही ते नाव रुळलं होतं. आले होते ते त्यांच्या निळ्या गाडीतून, जी थोरल्या मुलाच्या जन्माच्या वर्षी त्यांनी तीन मोडक्या गाड्यांमधून एक करून उभी केली होती आणि जी दोन महिने गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती.

त्या दोन महिन्यांत ते रोज तिथे जात होते. घरात सांगायचे की पाय मोकळे करून येतो. त्यांनी गाडीची टाकी उतरवून वाफेने धुतली होती. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या काढून नव्या घातल्या, प्रत्येक जोडाचं वॉशर बदललं, आतला गालिचा फाडून जाळला, सीटचं कापड उसवून नवं शिवून घेतलं. मग सोड्याचं पाणी, मग साबण, मग आठ दिवस चारी दारं उघडी टाकून ऊन. सीटखाली बशांमधून कोळसा ठेवला, कारण कुणीतरी सांगितलं होतं की कोळसा वास ओढून घेतो. हे सगळं करताना त्यांची एकच अडचण होती. पंचेचाळीस वर्षं पेट्रोलमध्ये हात घालून त्यांच्या नाकाला तो वास येईनासा झाला होता. गाडी धुऊन झाली की ते तिच्यात बसायचे, डोळे मिटायचे, जोरात श्वास घ्यायचे, आणि त्यांना काहीच कळायचं नाही.

घरात तेव्हा त्यांची गादी बाहेरच्या खोलीत गेली होती. त्यांच्या अंगालाच तो वास होता. कितीही घासलं तरी जात नव्हता. बायकोच्या खोलीत ते दारापर्यंत जायचे, चौकटीला धरून उभे राहायचे, "जेवलीस का?" विचारायचे आणि परत फिरायचे. एकदा न राहवून पलंगापाशी गेले तेव्हा तिने हसायचा प्रयत्न केला आणि पुढच्याच क्षणी तस्ताकडे हात केला. त्यानंतर ते चौकट ओलांडून गेले नव्हते.

आज त्यांनी पांढरा सदरा घातला होता. हात लिंबू आणि कपड्याच्या पावडरीने इतके घासले होते की बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या.

"वर्गणी बंद करा," आत येऊन ते म्हणाले. "माझी गाडी तयार आहे."

थोरल्याने चहाचा कप बाजूला सरकवला.

"अरे, बघा तरी. सगळं नवं केलंय. भाड्याच्या खेळण्यातून का म्हणून जावं तिनं? माझ्या घरात गाडी असताना?"

चिमी उठली, बाहेर गेली, निळ्या गाडीचं दार उघडून आत डोकं घातलं. थोड्या वेळाने परत आली.

"येतोय, बाबा."

"काय येतोय?"

"वास. पहिल्याइतका नाही. पण येतोय."

"तुला यायचाच. तुझी गाडी चालली ना दारातून." ते मुलाकडे वळले. "तू जा. तू बघ."

थोरला गेला आणि आला. "मला नाही आला," तो म्हणाला. त्याच्याही नाकाची वीस वर्षं गॅरेजमध्येच गेली होती.

"तुझं नाक बाबांचंच आहे," चिमी म्हणाली. "वहिनी, तू जा."

सून गेली. आत बसून तिने दार ओढून घेतलं. साबणाचा वास होता, उन्हात तापलेल्या नव्या कापडाचा वास होता, आणि त्याच्या तळाशी, अगदी दोऱ्याएवढा बारीक, पेट्रोलचा. मुद्दाम हुंगलं नसतं तर निरोगी माणसाला तो जाणवलाही नसता. ती बाहेर आली तर सासरे पायरीवर उभे राहून तिच्या तोंडाकडे बघत होते.

"थोडासा आहे, बाबा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी मान हलवली. दोन्ही हात त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातले.

"मला विचारा की," मागून आवाज आला. "बसायचं तर मला आहे."

सासूबाई भिंतीला धरून खोलीच्या दारात उभ्या होत्या. पोट तेवढं पुढे आलेलं, बाकी सगळी हाडं. अंगावर शाल घेतली होती आणि पायात चपलाही घातल्या होत्या, म्हणजे बराच वेळ त्या तयार होऊन आत बसल्या असाव्यात.

"आई, तू कशाला उठलीस?"

"एक चक्कर मारून येते तुझ्या बाबांबरोबर. त्यात काय एवढं? सगळी कशी ताटकळल्यासारखी उभी आहेत."

मिस्त्रींनी तिला पुढच्या सीटवर बसवलं. दार लावताना शालीचं टोक आत सारलं. गाडी सुरू केली आणि गिअर टाकला. त्या तस्ताच्या दिवसानंतर ती पहिल्यांदा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती.

गल्लीच्या टोकाला वळून ते शाळेच्या लांब भिंतीपाशी आले. रविवार म्हणून रस्ता मोकळा होता.

"काच खाली घेते," ती म्हणाली. "बाहेरचं बघायचंय."

"घे ना. येतोय का गं काही?"

"काय?"

"वास."

"साबणाचा येतोय. किती साबण ओतलात हो?"

ते हसले. असं मोठ्याने हसणं त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटलं.

"खरंच नाही येत?"

"नाही म्हटलं ना."

पाण्याच्या टाकीपासून डावीकडे, लाकडाच्या वखारीवरून पुन्हा गल्लीकडे. तिने गिअरवरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. गिअर बदलताना तिचा हात त्यांच्या हाताबरोबर पुढे-मागे होत होता. घर आलं तेव्हा ते थांबलेच नाहीत. तिला न विचारता त्यांनी आणखी एक चक्कर मारली. तिचं तोंड खिडकीकडे होतं, आणि ती बाहेरचं बघतेय असं त्यांना वाटलं.

उतरल्यावर तिने पायरीवर उभ्या असलेल्या तिघांना सांगितलं, "मस्त झालीय गाडी. काही वास नाही." मग सुनेला म्हणाली, "मला जरा आत ने गं."

न्हाणीघराचं दार लावल्याबरोबर त्यांनी नळ पूर्ण सोडायला सांगितला. बादलीत पाणी धो धो पडत होतं आणि त्या आवाजाआड सासूबाई बेसिनला दोन्ही हातांनी धरून ओकत होत्या. पोटात नव्हतंच काही. पिवळं पाणी येत होतं, मग तेही येईना, नुसते उमाळे. सुनेने त्यांचं कपाळ धरलं. केसांच्या जागी आलेली लव तिच्या तळहाताला मऊ लागत होती.

"मी बाहेर जाऊन सांगते," ती म्हणाली. "पावणेबारा झालेत. अजून वेळ आहे."

"काही सांगायचं नाही."

"आई, हे असं दर मंगळवारी?"

"किती मंगळवार आहेत?" सासूबाईंनी तोंड पुसलं. "तुझ्या नवऱ्याला विचार. गुरुवारी दवाखान्यातून निघाल्यापासून मान खाजवतोय तो. चार वर्षांचा होता तेव्हापासून खोटं बोलताना मान खाजवतो. तीन असतील. नाहीतर चार."

सुनेने त्यांच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

"तेवढ्यासाठी तर ती गाडी हवी ना, आई. निदान तेवढे तरी सुखाने."

"सुखाने?" त्या बेसिनच्या कडेला टेकल्या. दम लागला होता. "तीन महिने तो माणूस चौकटीत उभा राहतोय. पाहुण्यासारखा. जेवलीस का म्हणून विचारतो आणि जातो. मी आत एकटी, तो बाहेर एकटा. आज शेजारी बसला. मला तेच हवंय. ओकणं काय, मला आता सवय आहे त्याची."

"पण त्यांना कळलं तर तेच म्हणतील, नको."

"म्हणून तर कळायला नको. तू सांगितलंस तर तो ती गाडी आजच्या आज भंगारात घालेल. मग मी गेल्यावर सकाळी उठून कशाला हात लावेल तो?" त्यांनी सुनेचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता. "चिमीला नाही सांगता येणार हे. ती भांडेल. तू नाही भांडणार, म्हणून तुला सांगतेय."

सुनेने नळ बंद केला.

बाहेर टेबलावर फोन मध्यभागी ठेवलेला होता आणि त्याच्याभोवती तिघं बसली होती. मिस्त्री एका हाताने दुसऱ्या हाताच्या भेगा चोळत होते. बाराला सात मिनिटं होती.

"कशी आहे?" थोरल्याने विचारलं.

"पडल्यात जरा. दमल्या."

"वहिनी," चिमी म्हणाली, "आई बाबांसाठी बोलतेय. मला माहितेय ती. तू आत बसलीस तेव्हा तुला वास आला ना? तूच म्हणालीस ना, थोडासा आहे?"

"हो."

"मग सांग की यांना. तू सांगितलंस तर ऐकतील."

मिस्त्री मान वर करून सुनेकडे बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळची घाई नव्हती. ती जे म्हणेल ते मानायला ते तयार होते, हे तिला स्पष्ट दिसलं, आणि तेच तिला सगळ्यात अवघड गेलं.

"आईंना नाही ना येत," ती म्हणाली. "त्यांना नाही आला, मग झालं. आपल्याला येऊन काय करायचंय?"

चिमीने फोन उचलला, चार चौकोन समोर धरले. अंगठा सहावर नेला. मग वडिलांकडे बघितलं, आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं, आणि फोन परत टेबलावर ठेवला. बारा वाजले तेव्हा चौकोन आपोआप नाहीसे झाले.

चार वाजता कंपनीचा माणूस आला. पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा. त्याने गाडीभोवती दोनदा फिरून सगळीकडून फोटो काढले, वायर गुंडाळून मागे ठेवली. डाव्या दारावरचा ओरखडा त्याने बोटाने चाचपून बघितला आणि म्हणाला, "एवढं चालतं." चिमीने त्याला चावीचं कार्ड दिलं. सकाळपासून ती काही न खाता बसून होती.

"गाडीची काही तक्रार?" त्याने हातातल्या टॅबलेटवर बघत विचारलं.

"नाही."

"मग बंद का केलीत? कारण टाकावं लागतं. त्याशिवाय पुढे सरकत नाही हे." तो वाचायला लागला. "गाडी आवडली नाही. चार्जिंगची अडचण. दुसरी गाडी घेतली. गरज संपली."

चिमीने नखाच्या कडेची पांढरी भुकटी खरवडली.

"गरज संपली टाकू का?" त्याने सहज विचारलं. "बहुतेक लोक तेच टाकतात."

"नको," ती म्हणाली. "ते नको."

तेवढ्यात मिस्त्री पायऱ्या उतरून आले. "दुसरी गाडी टाका, साहेब," ते म्हणाले. "घरची गाडी आहे म्हणावं." आणि त्यांनी त्या माणसाला निळ्या गाडीपाशी नेलं. तो माणूस पूर्वी बसच्या डेपोत फिटर होता, असं निघालं. दोघांनी बॉनेट उघडलं, आत डोकी घातली आणि नळ्यांबद्दल, वॉशरबद्दल बोलत राहिले. "अशी निगा कोण राखतं हो आता," तो म्हणाला. मिस्त्रींचा चेहरा उजळला होता.

पांढरी गाडी आवाज न करता फाटकातून बाहेर पडली. चिमी ती वळेपर्यंत बघत होती. मग पर्स खांद्याला लावून सुनेसमोर येऊन उभी राहिली.

"दादाला बोलायला तोंड नाही, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण आपण दोघी एकीकडे आहोत असं मी धरून चालले होते. बाबांच्या मर्जीत राहायला तू आईला विकलंस."

"चिमी, अगं—"

"काही सांगू नकोस. आईला भेटायला मी येईन. तुझ्याशी बोलायला येणार नाही."

सुनेने फाटकाची कडी लावली. थोरल्याने त्या दिवशी संध्याकाळी तिला डॉक्टरांचं सांगितलं. सांगताना तो रडला, आणि तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आपल्याला ते दुपारीच कळलं होतं, असं ती बोलली नाही.

पुढचे दोन मंगळवार सारखेच गेले. सासूबाई आदल्या दुपारपासून काही खायच्या नाहीत, म्हणजे बाहेर पडायला काही उरू नये. निघण्याआधी अर्धा तास सून त्यांना मळमळीची गोळी द्यायची, स्वयंपाकघराच्या दाराआड. त्या पुढे बसायच्या, काच खाली, हात गिअरवर. सून मागे, पिशवीत प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन. दवाखान्यात पोचल्यावर मिस्त्री गाडी लावायला जायचे तेवढ्या वेळात सून त्यांना तळमजल्यावरच्या बायकांच्या न्हाणीघरात न्यायची. परत येताना पुन्हा तेच. एकदा नळाला पाणी नव्हतं आणि बाहेर माणसं उभी होती, तेव्हा सून मोठमोठ्याने फोनवर कुणाशी तरी बोलण्याचं नाटक करत राहिली.

पण घरी मिस्त्रींची गादी आत आली होती. ते पलंगाशेजारी जमिनीवर झोपायचे. सासूबाई तोंड भिंतीकडे करून झोपायच्या, एक हात मात्र पलंगावरून खाली, त्यांच्याकडे सोडलेला असायचा. चिमी यायची, आईपाशी तासभर बसायची, वडिलांशी दोन शब्द बोलायची आणि सुनेने पुढे केलेला कप टेबलावर तसाच ठेवून जायची.

तिसऱ्या मंगळवारी डॉक्टरांनी सासूबाईंना ठेवून घेतलं. खाटेवर झोपवल्यावर त्यांनी सुनेला खूण करून जवळ बोलावलं. काहीतरी सांगायचं होतं, पण नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क लावलेला होता आणि शब्द फुटत नव्हता. थोरला तिथेच थांबला. चिमीला कळवलं होतं, ती निघाली होती. कपडे आणि पांघरूण आणायला म्हणून मिस्त्री आणि सून घरी निघाले.

सुनेला पुढे बसावं लागलं. मिस्त्री शांतपणे गाडी चालवत होते. लाकडाच्या वखारीपाशी सिग्नल लागला तेव्हा त्यांनी गाडी थांबवली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"तीन मंगळवार आली ती माझ्या गाडीतून," ते म्हणाले. "जातानाचं आणि येतानाचं धरून पाच फेऱ्या. आणि ती रविवारची. एकदाही ओकली नाही. तू तर बरोबरच होतीस. बघितलंस ना?"

"हो, बाबा."

"चिमीच्या मनात राहून गेलंय. तिला वाटतं मी हट्ट केला, आईला त्रास दिला. माझं खरं वाटायचं नाही तिला." ते तिच्याकडे वळले. डोळे पाण्याने भरले होते, पण तोंडावर समाधान होतं. "तुझं वाटेल. तू सांग तिला. एकदाही त्रास झाला नाही म्हणून सांग. आता दवाखान्यात येईल ना ती, तेव्हाच सांग."

दिवा हिरवा झाला होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, तरी ते तिच्याकडेच बघत होते.

"सांगते, बाबा," ती म्हणाली.